तुझी शेड उघडी होती, दादा

दादा, तुझं बारावं उरकलं. पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि आता या घरात मी आणि वहिनी दोघीच उरलो. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तुझ्या खुर्चीत बसून तुझ्याशी भांडते आहे. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. आपण जिवंतपणी कधी गोड बोललो नाही, मग आता कुठून शिकू?

आज सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. ते शेवटी सांगते. तिथवर यायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून गेला. "त्याला कळलंही नसेल बघ, एका क्षणात झालं." मी मान हलवत राहिले. त्यांना काय ठाऊक, की स्फोटाचा तो क्षण माझी नोकरी आहे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी तोच क्षण घडवते आणि त्याचाच पगार घेते. जाड पोलादी डब्यात इंधनाचं धुकं सोडायचं, पिकावर औषध फवारतात तसं, पण त्याहून बारीक थेंबांचं. मग त्यात लेझरची एक टिचकी मारायची. ती लागते तिथे सुईच्या टोकाएवढी ठिणगी पडते. तिच्या उजेडातले रंग वेगळे करून पाहिले की त्या जागी इंधन किती होतं आणि हवा किती होती ते समजतं. आणि मोजणारी ती ठिणगीच धुक्याला पेटवते. मग लेझरचाच दुसरा झोत, पापुद्र्यासारखा पातळ केलेला, ज्वाळेतून आरपार जातो आणि कॅमेरा टिपत राहतो. इंधनाच्या कुठल्या रेणूचे तुकडे पडले, ज्वाळा कुठे नुसती जळते आहे, कुठून धावत सुटली आहे, सगळं. माझ्याकडे त्या क्षणाची हजारो चित्रं आहेत, दादा. तो क्षण लोकांना वाटतो तेवढा लहान नसतो. त्याला सुरुवात असते, मध्य असतो. म्हणून "कळलंही नसेल" असं कुणी म्हणालं की मला किंचाळावंसं वाटतं.

बहीण काय करते, असं कुणी विचारलं की तू सांगायचास, "बाय आमची डिझेल फोडते." आणि मग हटकून तो तुझा खेळ.

भिवंडीत मानकोलीच्या रस्त्याला, राहनाळच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकच्या वाटेवर तुझी ती धुलाई-सर्व्हिसिंगची शेड. गोदामांना जमीन दिल्यावर आपल्या वाट्याला उरलेली ती एक पट्टी. तिथे पुढ्यात डिझेलची बादली ठेवून तू हाक मारायचास, "रामसूरत, बीड़ी ला." रामसूरत म्हणजे तुझा माणूस, उत्तर प्रदेशातून आलेला, शेड उभी राहिली तेव्हापासूनचा. त्याच्या कानामागे कायम एक बिडी खोचलेली. तो ती पेटवून तुला द्यायचा आणि तू भर माणसांत ती बादलीत बुचकळायचास. चुर्र. बिडी विझायची. नवखे ड्रायव्हर दोन पावलं मागे सरलेले असायचे, ते हसत पुढे यायचे. मग माझ्याकडे वळून तुझं ठरलेलं वाक्य, "काय गो डॉक्टर, कुठं फुटलं?"

मी चिडायचे. बादलीतलं डिझेल वेगळं आणि तुझ्या फवारणीच्या गनमधून उडालेलं वेगळं, हे किती वेळा सांगितलं तुला! ओंडका काडीनं पेटत नाही, भुसा पेटतो, इतकं सोपं करून सांगितलं. मे महिन्यात तुझ्याकडे ट्रकची रांग लागायची. पावसाच्या आधी गाडीच्या पोटाला गंज धरू नये म्हणून जळकं इंजिन ऑइल डिझेलनं पातळ करायचं आणि कॉम्प्रेसरच्या गननं चासीवर फवारायचं. तुम्ही सगळेच करता. त्या दिवसांत शेडमध्ये तपकिरी धुकं तरंगत असायचं आणि तू तोंडाला रुमाल बांधून त्यात उभा. मला ते दृश्य बघवत नसे. माझ्या डब्यातलं धुकं पाहताना मला तूच आठवायचास.

एकदा तू प्रयोगशाळेत आलास. येताना वहिनीनं केलेली सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आलास. डबा उघडल्यावर सगळा मजला घमघमला आणि माझे सर सुकटीच्या वासानं बाहेर आले ते जेवूनच गेले. मी तुला गॉगल घालून जाड काचेपलीकडे उभं केलं आणि धुकं पेटवून दाखवलं. डबा जागच्या जागी हादरला. तू काचेवरचा हात झटकन काढून घेतलास. मला वाटलं, आज जिंकले. तू बराच वेळ डब्याभोवती फिरलास, बोटानं झाकण वाजवलंस आणि म्हणालास, "बाय, तुजी डबी बंद हाय. माजी शेड चारी बाजूनी उघडी हाय."

त्यावर मी थोडी गडबडले, हे मान्य करते. कारण तुझं अर्धं बरोबर होतं. उघड्यावर धुकं पेटतं, माणूस भाजतो, पण ज्वाळेला दाबायला भिंत नसली तर सहसा स्फोट होत नाही. अर्धं बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालणं सगळ्यात कठीण. मी म्हटलं, थांब, एकेक भिंत काढता येईल असा डबा बनवते, उघड्यावर काय होतं तेही मोजून दाखवते. तू म्हणालास, "कर. मंग सांग." तेव्हापासून दर फोनला पहिला प्रश्न हाच. "काय गो, डबी उघडली का?" तो डबा अजून टेबलावर पडून आहे, भिंतींचे स्क्रू बसवायचे राहिलेले. आता तो कुणासाठी पुरा करू?

तुला मी जन्मभर चिडवत आले, आणि तू मला. पण बारावीला सायन्स घ्यायचं म्हणाले तेव्हा काकांसमोर उभा राहिलेला तूच होतास. "आमच्या घरातलं एक तरी मानूस हात काळे न करता जेवू दे," असं तू ओरडला होतास. तुझे हात तेव्हाच काळे झालेले होते, नखांच्या कडा साबणानंही न निघणाऱ्या. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. भावाचे कसले आभार, असं वाटायचं. आज मानते. ऐकायला तू नाहीस, म्हणून मानता येताहेत.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा तू राहनाळच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लावलास. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा मोठा. माझा फोटो आडवा ताणून गाल दुप्पट केलेले, शेजारी तू काळ्या चष्म्यात, खाली "शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ". ग्रामस्थांना कुणी विचारलंही नव्हतं. मला एवढी लाज वाटली की तो उतरेपर्यंत मी नाका टाळून कामतघरच्या बाजूनं, ओढणी नाकावर घेऊन रिक्षानं घरी यायचे. तू मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचास. उतरवल्यावर मी म्हटलं, आता तरी टाकून दे. म्हणालास, "टाकायचा कशाला? कामाला येईल." आपल्याकडे फ्लेक्स कुणीच टाकत नाही. तो कुणाच्या छपरावर जातो, कुणाच्या टेम्पोवरच्या मालावर, कुणाच्या पेंढ्यावर. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी लेझरचा आरसा पुसत होते. ती नुसती "बाय, बाय" म्हणत राहिली. मागे माणसांचा आरडाओरडा. मी आले तोवर तुला नेलं होतं. मला तू दिसलास तो पांढऱ्या कापडात, आणि चेहरा बघू नकोस असं चार जणांनी हात धरून सांगितलं. मी पाहिला नाही. पाहायला हवा होता की नको, हेही मला आता कळत नाही. त्या एका गोष्टीवर माझं डोकं रोज आपटतं.

तुझी चिता विझायच्या आत गावानं कारण शोधून काढलं होतं. बिडी. रामसूरतची बिडी. कुणालाच शंका नव्हती, कारण सगळ्यांनी ती बिडी आणि ती बादली शेजारी शेजारी पाहिली होती. तुझ्याच खेळात, दादा. पोलिसांपुढे ड्रायव्हरांनी तेच सांगितलं. तिथे बिडी चालायची, मालक स्वतः डिझेलमध्ये विझवायचा. रामसूरतला रोज ठाण्यात बोलावून चौकशीला बसवून ठेवू लागले. आणि वहिनीनं ती बिडी घट्ट धरून ठेवली. रडं थांबलं की ती एकच म्हणायची, "ज्याला मी हातानं वाढलं, त्यानंच माजा मानूस जाळला." तिला कुणावर तरी संतापायला हवं होतं. तो संताप काढून घेतला तर ती कशावर उभी राहील, याची मला भीती वाटत होती.

मी रामसूरतला भेटायला गेले. तो बाकावर बसला होता, तुझाच जुना शर्ट अंगात. मला पाहून उठला आणि हात जोडून म्हणाला, "दीदी, मैं तो था ही नहीं. सेठ ने बोला, ड्राइवर लोग को चाय ला दे, तब तक गन मैं मारता हूँ. चाय हाथ में थी दीदी, तब आवाज़ आया." मग खाली बघून, "बाहर बीड़ी पिया था. अंदर नहीं. पर्दा लगने के बाद सेठ ने अंदर मना किया था."

मी विचारलं, "कौन सा पर्दा?"

"बगल में कपड़े की गाड़ी खड़ी होती है ना. हवा चलती थी तो तेल का छींटा कपड़े पे जाता था. पावरलूमवाला आके बहुत बोला. सेठ बोले, ग़लती अपनी है, किसी का माल ख़राब नहीं होना चाहिए. तो तीनों बाजू पर्दा बाँध दिया. चौथी बाजू तो अंदर खड़ी गाड़ी से ही भर जाती थी."

दादा, तू शेड बंद केलीस! ज्या एका मुद्द्यावर तू माझ्याशी वाद जिंकलास, तोच मुद्दा तू दोरीनं बांधून टाकलास. आणि कुणासाठी, तर शेजारच्या टेम्पोतल्या कोऱ्या कापडासाठी. भिवंडीत कापडावर डाग पडला की माणूस कसा कासावीस होतो ते तुला माहीत होतं, आपण लहानपणापासून तेच बघत आलो. तुझा स्वभावही तोच. कुणाचं नुकसान तुझ्यानं बघवायचं नाही. फोनवर डबी उघडली का म्हणून मला विचारत होतास आणि स्वतः तिकडे बंद डबीत उभा होतास. एका शब्दानं बोलला असतास तर मी धावत आले असते रे. लेझर नको, कॅमेरा नको, नुसत्या विळ्यानं दोऱ्या कापल्या असत्या.

मग मी शेडवर गेले. राख, वाकलेले पत्रे, कॉम्प्रेसर आडवा पडलेला. तो एरवी बाहेर असायचा, पडदे लागल्यावर आत आला होता, हेही मला रामसूरतनंच सांगितलं. त्याचा आपोआप चालू होणारा स्विच दर वेळी बारीकशी ठिणगी टाकतो. तीच ठिणगी होती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. धुक्याचा ढग तयार असला की ठिणगी कुठूनही येते. मी ज्याच्या मागे होते ते वेगळंच होतं. रस्त्याकडच्या पाइपला पडद्याची वरची पट्टी अजून लटकत होती, गाठी तशाच. खालचं सगळं वितळून गेलेलं. पट्टीच्या आतल्या बाजूला काळीकुट्ट काजळी. बाहेरची बाजू बरीचशी स्वच्छ. मी रस्त्यावर जाऊन वर पाहिलं.

तिथे "हार्दिक अभिनंदन" लिहिलं होतं. त्याच्या खाली माझं अर्धं कपाळ.

ट्रक जात होते, एक ड्रायव्हर हॉर्न मारून ओरडला. मला वाटलं, गुपचूप ती पट्टी ओढून काढावी, पिशवीत घालावी, खाडीत टाकावी. बिडीच राहू दे. बिडी म्हटलं की तू निर्दोष, वहिनीचा राग शाबूत, माझं कपाळ कुणी पाहिलेलं नाही. एका परक्या माणसाचं आयुष्य तेवढं जाईल. मी ती पट्टी हातात धरलीसुद्धा होती, दादा. ओढली नाही. तिच्या काठाला दुमड घालून मारलेली शिलाई दिसली, दुहेरी, मध्ये मध्ये वळलेली. घरात तशी शिलाई कोण मारतं ते मला माहीत आहे. माझे शाळेचे फ्रॉक तिनंच शिवले, लग्न होऊन आल्या वर्षापासून.

काल बारावं झालं आणि आज सकाळी मी वहिनीसमोर बसले. ती तांदूळ निवडत होती, तेच तेच दाणे इकडून तिकडे. मी म्हटलं, "वहिनी, रामसूरत आत नव्हता. बिडी नव्हती ती."

"मंग काय व्हतं?"

मी सांगायला लागले. धुकं, थेंब, हवा. तुला सांगायचे तसंच सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "आजवर न्हाय फुटलं, आताच कसं?"

"आजवर शेड उघडी होती."

तिचा हात सुपात थांबला. मग ती अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं म्हणाली, "म्हंजे मी शिवला तो."

मी तिचे हात धरले. म्हटलं, शिवण्यानं काही होत नाही, तो माझा फ्लेक्स होता, दादानं बांधला, कापडवाल्यानं भांडण केलं, कुणाचाच दोष नाही. ज्वाळेतल्या तुकड्या तुकड्याचं नाव सांगणारी मी, मला एक वाक्य धड जुळवता येईना. ती रडली नाही. म्हणाली, "फ्लेक्स जाड, मशीनची सुई मोडली. मी त्याला म्हनलं, बायचा फोटो हाय त्याच्यावर, दुसरा आन कुठला तरी. तर म्हनला, हाच मजबूत हाय, तीनी बाजूंला पुरंल. मंग म्हनला, फोटो भायेरच्या अंगाला ठेव. आत तेल उडतं, बायच्या तोंडावर नको."

नंतर ती उठली, चेहरा धुतला, कपाट उघडून नेसायचं लुगडं काढलं. मी विचारलं, कुठे निघालीस. "पोलिसांत. परद्याचं सांग त्यांना. शिवनारीचं नाव पन सांग." मी म्हटलं, त्याची गरज नाही. तर माझ्यावर ओरडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा, "त्या मानसाची पोरं गावाला वाट बघत असतील! चल म्हनते ना!"

आम्ही सांगून आलो. मी धुक्याचं सांगितलं, तिनं पडद्याचं. पोलिसांनी चहावाल्याला बोलावलं, त्यानंही रामसूरत तिथेच उभा होता असं सांगितलं. संध्याकाळी रामसूरत आपल्या दारात आला आणि पायरीखालीच थांबला. कानामागे बिडी नव्हती. वहिनीनं त्याला बघितलं, आत गेली, ताट वाढून आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तो जेवताना हुंदके देत होता. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली, ती अजून तशीच.

मला आता प्रयोगशाळेत परत जायचं आहे. सर म्हणाले, सवडीनं ये. सवडीनं काय होणार आहे? बटण तेच, डबा तोच, धुकं तेच. यापुढे दर वेळी काचेपलीकडे तू रुमाल बांधून उभा असशील. मी बटण दाबू शकेन का, मला माहीत नाही. भिंती काढता येणारा तो डबा पुरा करीन असं म्हणावंसं वाटतं, तुझ्यासारखं शेड चालवणाऱ्यांना निदान एवढं तरी दाखवता येईल. पण खरं सांगू, आत्ता हात उचलत नाही. आत्ता मला काहीच समजून घ्यायचं नाही. मला तू हवा आहेस, काळ्या नखांचा, हुज्जत घालणारा, चुकलेला.

लोक म्हणतात, शेवटच्या क्षणी माणसाला आपली माणसं दिसतात. मी हिशेब करून पाहिला, दादा. तुझ्याभोवती तीन बाजूंनी फ्लेक्सची पांढरी, कोरी पाठ होती. माझा चेहरा पलीकडे होता. माझ्यावर तेल उडू नये म्हणून तूच तो फिरवला होतास. आणि तू आत होतास तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत, दुप्पट गालांनी हसत होते.